पत्र्यावरच्या खुणा: जुन्या छायाचित्रांतल्या इटालियन गाड्या

जुन्या छायाचित्रावरून इटालियन स्पोर्ट्स गाडी ओळखायची म्हणजे ती फेरारी की मासेराती एवढे सांगून भागत नाही. गाडी कोणत्या सालची, कोणत्या नमुन्याची, तिच्यावर पत्रा कोणी चढवला आणि शेवटी तिचा चासी नंबर कोणता, इथपर्यंत पोचल्याखेरीज या छंदातली मंडळी ओळख पटली असे मानत नाहीत. इटली, इंग्लंड, अमेरिका आणि स्वित्झर्लंड इथे हा छंद दुसऱ्या महायुद्धानंतर रुजला. छायाचित्रात दिसणाऱ्या गाडीचा नेमका नंबर सांगणे एरवी अशक्य वाटावे असे काम आहे. इटालियन गाड्यांच्या बाबतीत ते शक्य होते, कारण त्या गाड्या ज्या रीतीने बनत, त्या रीतीत दोन गाड्या सारख्या निघणेच कठीण होते.

आल्फा रोमिओ, लान्चा, मासेराती किंवा फेरारी यांचा कारखाना पुष्कळदा फक्त चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि चाके तयार करी. ही उघडीवाघडी गाडी मग पत्र्याचे काम करणाऱ्या स्वतंत्र कारखान्यात जाई. अशा कारखान्याला इटलीत ‘कारोत्सेरिया’ म्हणतात. मिलानमध्ये उगो झागातो यांचा कारखाना 1919 पासून होता, तर फेलिचे बियांकी अँदेर्लोनी यांनी तुरिंग हा कारखाना 1926 मध्ये काढला. तोरिनोत बेर्तोने, पिनिन फारिना, घिया आणि विन्याले होते. मोदेनात सेर्जो स्कालिएत्ती. प्रत्येकाची हाताची वळणे वेगळी. तुरिंगने बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा करून त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा ओढण्याची ‘सुपरलेज्जेरा’ म्हणजे अतिहलकी पद्धत आणली. झागातोच्या कित्येक बंद गाड्यांच्या टपावर दोन फुगवटे असतात; टप बुटका ठेवूनही चालकाच्या आणि शेजाऱ्याच्या डोक्याला जागा मिळावी, एवढाच त्यांचा हेतू. स्कालिएत्तीकडे तर वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून हातोडीने ठोकत आकार काढला जाई, आणि कागदावरच्या आराखड्यापेक्षा कारागिराच्या नजरेवर भिस्त अधिक असे.

साच्यातून दाबून काढलेले मडगार्ड हजार गाड्यांना एकसारखे बसते. हातोडीने ठोकलेले मडगार्ड त्याच गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या मडगार्डाशीही तंतोतंत जुळत नाही. एकाच खेपेतल्या दोन गाड्या जवळून पाहिल्या की फरक दिसू लागतात. एकीच्या बॉनेटवर हवा जाण्यासाठी पाडलेल्या फटींची संख्या दुसरीपेक्षा दोनने जास्त असते. पेट्रोलच्या टाकीचे झाकण एकीत मधोमध, तर दुसरीत बोटभर उजवीकडे. बॉनेट बांधणारा चामड्याचा पट्टा, दाराची बिजागरी, आरशाची जागा, हेडलाइट आणि जाळी यांतले अंतर, रिव्हेटांची रांग कुठे तुटते ती जागा, अशा गोष्टींची टिपणे हे छांदिष्ट ठेवतात. एखाद्या शर्यतीत खांबाला घासून पडलेला पोचा ठोकून सरळ केला, तरी तिथे प्रकाश किंचित वेगळा पडतो आणि पुढच्या महिन्यातल्या फोटोतही तो दिसतो. चासी नंबर फोटोत कधीच वाचता येत नाही. त्याचे काम या खुणा करतात.

फेरारी 250 जीटीओ हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. 1962 ते 1964 या काळात अशा 36 गाड्या बनल्या. नाकावरची तीन अर्धगोल भोके बहुतेकांना आहेत, त्यामुळे नमुना ओळखायला वेळ लागत नाही. सुरुवातीच्या गाड्यांच्या शेपटीवरची उभी पट्टी वेगळी करून स्क्रूने बसवलेली आहे, नंतरच्या गाड्यांत ती मूळ पत्र्यातच मिळवून टाकली आहे. पुढच्या चाकामागच्या उभ्या फटी काहींना दोन, तर काहींना तीन. त्यापुढे शर्यतीगणिक झालेले बदल, जादा दिवे आणि रंगाचे पट्टे धरले की छत्तीसांपैकी प्रत्येक गाडी वेगळी काढता येते.

कारखान्याच्या वह्या असताना फोटोवर विसंबण्याची वेळ का आली, हे समजायला त्या काळातला व्यवहार पाहावा लागतो. शर्यतीची गाडी हे तेव्हा हत्यार होते. हंगाम संपला की हिवाळ्यात तिचा पत्रा उतरवून नवा चढवत, इंजिन दुसरीला देत आणि चासी मोडून तिचे भाग तिसरीत घालत. फेरारीच्या नावाची पहिली गाडी 125 एस 11 मे 1947 रोजी पिआचेन्झा इथे फ्रान्को कोर्तेसे यांनी शर्यतीत उतरवली. दोनच आठवड्यांनी त्यांनीच रोमची शर्यत तिच्यावर जिंकली. अशा दोन गाड्या होत्या आणि त्या दोन्ही पुढे मोडून इतर गाड्यांत विरून गेल्या. कोणता तुकडा कुठे गेला, यावर जाणकारांत अजून एकमत नाही.

कागदांचीही गंमत होती. परदेशातल्या शर्यतीला जाताना सीमेवर जकातीची कागदपत्रे लागत. ऐन वेळी एक गाडी नादुरुस्त झाली तर तिच्याच कागदांवर दुसरी गाडी पाठवणे सोयीचे पडे, आणि मग नंबरही त्याप्रमाणे ठोकला जाई. त्यात फसवणुकीपेक्षा घाई जास्त होती. पण पन्नास वर्षांनी वहीत एक गाडी आणि मैदानात दुसरी असा घोळ उभा राहतो, तो यामुळे. हंगाम उलटलेल्या गाड्या हौशी चालकांना स्वस्तात विकल्या जात आणि बऱ्याच अमेरिकेत पोचत. तिथे महागडे इटालियन इंजिन बिघडले की काढून ठेवत आणि शेवर्लेचे व्ही-8 इंजिन बसवत. आज ज्या गाड्यांसाठी लिलावात झुंबड उडते, त्यांतल्या काही एके काळी गॅरेजच्या मागे झाकणाशिवाय गंजत पडल्या होत्या.

या पसाऱ्यातून क्रम लावण्याचे काम आधी पुस्तकांनी केले. हान्स टॅनर यांचे फेरारीवरचे पुस्तक 1959 मध्ये आले. आल्फा रोमिओत तंत्रज्ञ म्हणून आयुष्य घालवलेले लुइजी फुसी यांनी कंपनीची कागदपत्रे आणि गाड्या जमवल्या आणि 1910 पासूनच्या सर्व नमुन्यांची सूची सिद्ध केली. आरेसे इथले आल्फाचे संग्रहालय 1976 मध्ये उघडले, त्यामागे त्यांचीच खटपट होती. जेस पूरे यांनी 1977 मध्ये 250 जीटी जातीच्या शर्यतीच्या गाड्यांचा एकेक नंबर घेऊन इतिहास लिहिला. सायमन मूर यांनी 1986 मध्ये आल्फा रोमिओ 8सी 2900 या गाड्यांवर तसेच काम केले. मूर यांच्या ग्रंथात प्रत्येक चासीचे स्वतंत्र चरित्र आहे आणि त्याचा मोठा आधार छायाचित्रे हाच आहे. या ग्रंथांच्या मागे टंकलिखित याद्या, टपालाने फिरणारे फोटो आणि ‘तुमच्याकडच्या फोटोतला मागचा दिवा कोणता आहे ते कळवा’ अशा पत्रांचा वर्षानुवर्षांचा व्यवहार होता.

छायाचित्राचे साल ठरवताना पहिली नजर नंबरप्लेटवर जाते. इटलीत 1927 पर्यंत प्रांताला आकडा होता. 1927 पासून अक्षरे आली: मिलानला एमआय, मोदेनाला एमओ, तोरिनोला टीओ, ब्रेशियाला बीएस, आणि राजधानीचे नाव मात्र पूर्ण, ‘रोमा’. त्याच वर्षी वाहनमालकीची सरकारी नोंदवही सुरू झाली. आपल्याकडच्या आरटीओसारखी, पण मालकीपुरती. प्रांतातले क्रमांक चढत्या क्रमाने दिले जात, त्यामुळे क्रमांकावरून नोंदणीचा सुमार कळतो आणि त्या वहीच्या उताऱ्यातून मालकांची साखळी मिळते. मालक दुसऱ्या प्रांतात गेला की प्लेट बदले. एकाच गाडीला तीन-चार प्लेटा लागून गेल्याची उदाहरणे आहेत. कारखान्याच्या चाचणीसाठी असलेल्या ‘प्रोव्हा’ प्लेटवर मात्र विश्वास ठेवू नये. ती आज या गाडीला, उद्या त्या गाडीला लावत.

प्लेट दिसत नसेल तर चिन्हे उपयोगी पडतात. आल्फाच्या बिल्ल्याभोवती लॉरेलची माळ 1925 मधल्या जागतिक विजेतेपदानंतर आली. त्याच बिल्ल्यावर सावोय राजघराण्याच्या गाठी होत्या. 1946 मध्ये इटलीने राजेशाही संपवली आणि गाठी गेल्या. एन्झो फेरारी यांच्या संघाने 1929 पासून आल्फाच्या गाड्या पळवल्या, पण त्यांचे चिन्ह असलेला उधळलेला घोडा त्या गाड्यांवर प्रथम दिसला तो जुलै 1932 मध्ये बेल्जियममधल्या स्पा इथल्या 24 तासांच्या शर्यतीत. म्हणजे आल्फावर घोडा असेल तर फोटो त्याआधीचा असू शकत नाही. पार्श्वभूमीवरही लक्ष ठेवावे लागते. रस्त्याकडेच्या पेट्रोल पंपावर आजिप कंपनीचा सहा पायांचा कुत्रा दिसला, तर साल 1952च्या मागे खेचता येत नाही. त्या चित्राची स्पर्धाच त्या वर्षी झाली. मथळ्यात ‘पिनिनफारिना’ असे जोडून छापले असेल तर तो मथळा 1961 नंतरचा, कारण तोपर्यंत नाव दोन शब्दांत लिहीत. फोटोच्या पाठीवर रोमन आकडा असेल तर तो पुष्कळदा फॅसिस्ट कालगणनेचा असतो. ती ऑक्टोबर 1922 अखेरपासून मोजत, तेव्हा ‘अठरावे वर्ष’ म्हणजे ऑक्टोबर 1939 ते ऑक्टोबर 1940.

छायाचित्रे स्वतःही चकवतात. जुन्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे आणि निळा फार दिसे. त्यामुळे इटलीच्या लाल गाड्या काळ्याकुट्ट आणि फ्रान्सच्या निळ्या गाड्या जवळजवळ पांढऱ्या उमटत. काळी आल्फा म्हणून नोंदलेली गाडी प्रत्यक्षात लाल असल्याचे असे अनेकदा निघाले आहे. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले फोटो मासिकांत सर्रास आढळतात. स्टिअरिंग डावीकडे की उजवीकडे यावरून ते ओळखावे म्हटले, तर इथे वेगळाच पेच आहे. इटलीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तरी महायुद्धापूर्वीच्या आल्फा आणि लान्चा उजव्या स्टिअरिंगच्याच होत्या आणि 1950च्या दशकातल्या शर्यतीच्या फेरारीही बहुतेक तशाच. उजवे स्टिअरिंग भारतीय वाचकाच्या डोळ्यांना साहजिक वाटते. तिकडच्या नवख्याला मात्र बरोबर छापलेला फोटोच उलटा वाटतो. अशा वेळी माणसांच्या कपड्यांकडे पाहावे. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. उलट दिसली की फोटो उलटा छापला आहे. सर्वांत घातक मात्र फोटोखालची ओळ. वर्तमानपत्राच्या कचेरीत घाईने लिहिलेला मथळा चाळीस पुस्तकांत तसाच उतरतो आणि मग चाळीस साक्षीदार एका सुरात बोलत असल्याचा भास होतो.

शर्यतीच्या क्रमांकांत मिल्ले मिलियाचे क्रमांक अभ्यासकांना सर्वांत उपयोगी पडतात. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत येणारी ही सुमारे 1,600 किलोमीटरची शर्यत 1927 ते 1957 या काळात सामान्य रस्त्यांवरून होई. 1949 पासून गाडीवर तिच्या सुटण्याची वेळच रंगवत. लहान गाड्या आदल्या रात्री मिनिटामिनिटाच्या अंतराने सुटत, मोठ्या पहाटे. 722 म्हणजे सात वाजून बावीस मिनिटे. 1955 मध्ये याच क्रमांकाच्या मर्सिडीजमधून स्टर्लिंग मॉस आणि डेनिस जेन्किन्सन यांनी दहा तास सात मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंदांत शर्यत जिंकली. क्रमांक कळला की सुटण्याच्या यादीतून चालकाचे नाव निघते, आणि सावलीच्या लांबीवरून गाडी त्या वेळी कुठवर पोचली असेल याचा अंदाज बांधता येतो. रस्त्यावरची कमान, घाटातले वळण किंवा चर्चचा मनोरा ओळखीचा निघाला की अंदाज पक्का होतो.

1957 ची शर्यत या दृष्टीने फार अभ्यासली गेली. फेरारीच्या चार मोठ्या गाड्या 531, 532, 534 आणि 535 अशा काही मिनिटांच्या फरकाने सुटल्या: दे पोर्तागो, फॉन ट्रिप्स, कॉलिन्स आणि तारुफी. धूसर फोटोत शेवटचा आकडा पुसट असेल तर चौघांत गल्लत ठरलेली. मग नाकाची ठेवण, काचेची उंची आणि शेजारी बसलेला माणूस पाहावा लागतो. कॉलिन्स यांच्या शेजारी लुई क्लेमान्तास्की होते. ते स्वतः नामांकित छायाचित्रकार, त्यामुळे धावत्या गाडीच्या आतून घेतलेले फोटो या शर्यतीचे आहेत. तारुफी जिंकले. 531 क्रमांकाच्या गाडीचे टायर ग्विदिझ्झोलो गावाजवळ फुटले. दे पोर्तागो, त्यांचे साथीदार नेल्सन आणि नऊ प्रेक्षक मरण पावले. मिल्ले मिलिया त्या स्वरूपात पुन्हा झाली नाही.

मोठ्या नावांच्या गाड्या ओळखणे तरी सोपे म्हणायचे, खरी कसोटी छोट्या कारखान्यांच्या गाड्यांत लागते. युद्धानंतर इटलीत गल्लोगल्ली स्पोर्ट्स गाड्या बनू लागल्या. तोरिनोत चिझितालिया, सियाता, मोरेत्ती आणि नार्दी, मोदेनात स्तांग्वेल्लिनी, फोर्लीत बान्दिनी, फ्लोरेन्समध्ये एर्मिनी, बोलोन्याजवळ मासेराती बंधूंनी आपल्याच नावाची कंपनी विकल्यानंतर काढलेली ओस्का. या साऱ्यांना छांदिष्टांनी ‘एत्चेतेरिनी’ असे नाव पाडले आहे; ‘इत्यादी’ या अर्थाच्या शब्दाला इटालियन लाडिक प्रत्यय लावून केलेला हा शब्द मराठीत ‘वगैरेवाले’ म्हणून सहज बसेल. वगैरेवाल्यांना कमी समजू नये. ओस्काच्या दीड लिटरच्या चिमुकल्या गाडीने 1954 मध्ये अमेरिकेतली सेब्रिंगची 12 तासांची शर्यत मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकून जिंकली. पिनिन फारिनाने पत्रा चढवलेली चिझितालिया 202 न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1951 च्या प्रदर्शनात मांडली आणि पुढे आपल्या कायम संग्रहातही एक घेतली.

वगैरेवाल्यांच्या गाड्या ओळखणे कठीण, कारण त्यांचे कागद फारसे उरले नाहीत आणि आतला माल सगळ्यांचा एकच. बहुतेकांचे इंजिन, धुरे, स्टिअरिंग फियाट 1100 च्या घरातले. चिझितालिया 202 चे इंजिन 1,089 घन सेंटिमीटरचे होते. हा आकडा मुंबईकराला अनोळखी नाही: कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाटचे आणि पुढे पद्मिनीचे इंजिनही तेवढेच, त्याच कुळातले. एकाच इंजिनावर वीस जणांनी वेगवेगळा पत्रा चढवला, आणि कित्येकदा एकाच पत्रेवाल्याने पाच कंपन्यांना तोच आकार दिला. अशा गाडीचा फोटो पुढे आला की जाणकारही आधी पंक्चरची जागा शोधावी तसे कडेकडेने जातात: चाके बोरानीची आहेत का, धुराडे कोणत्या अंगाने निघते, समोरची जाळी आडव्या पट्ट्यांची की चौकड्यांची. तिथेही नाव न लागलेले फोटो ढिगाने आहेत.

1980च्या दशकात भाव चढू लागले आणि छंदाला कोर्टकचेरीचे वजन आले. 250 जीटीओपैकी एक गाडी ऑगस्ट 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात 4.84 कोटी डॉलरना गेली. एवढा पैसा दिसल्यावर नव्या चासीवर जुना नंबर ठोकून गाडी ‘सापडू’ लागली, आणि एकाच नंबरवर दोन मालक हक्क सांगू लागले: एकाकडे मूळ चासीचा तुकडा, दुसऱ्याकडे मूळ इंजिन. फेरारीने स्वतःचे तपासणी खाते काढले, इतर कंपन्यांनीही अभिलेखागारे नीट लावली. तरी वाद निवाड्याला आला की पुरावा म्हणून पुढे येतो तो कुणा हौशी माणसाने कुंपणापलीकडून काढलेला फोटो. लिलावाच्या चकचकीत पुस्तिकेपेक्षा तो अधिक भरवशाचा, कारण काढताना त्याला काही विकायचे नव्हते. दुरुस्तीतही तेच. पत्रा पुन्हा ठोकून बसवताना हेडलाइट कुठे होता हे आता कोणाला आठवत नसते. फोटो मोजून जागा ठरवतात.

काही गाड्यांच्या बाबतीत छायाचित्र हीच गाडी उरली आहे. आल्फा सोडताना एन्झो फेरारी यांना चार वर्षे आपल्या नावाने शर्यतीत उतरायचे नाही अशी अट होती, म्हणून 1940 च्या मिल्ले मिलियासाठी त्यांनी ‘आउतो आव्हियो कोस्त्रुत्सियोनी 815’ या नावाने दोन गाड्या बनवल्या. आठ सिलिंडर, दीड लिटर, म्हणून 815. इंजिनासाठी फियाट 1100 चे भाग वापरले आणि पत्रा तुरिंगने चढवला. एक गाडी तरुण आल्बेर्तो आस्कारी यांनी चालवली, तर दुसरी, जास्त नटवलेली, लोतारियो रांगोनी या मार्क्वेसने. त्या वर्षी शर्यत रोमला न जाता 28 एप्रिलला ब्रेशिया, क्रेमोना आणि मांतोवा या त्रिकोणात झाली आणि दोन्ही गाड्या वाटेतच बंद पडल्या. आस्कारी यांची गाडी मोदेनाजवळच्या एका खाजगी संग्रहात आहे. रांगोनीची भंगारात गेली. ती आता फक्त फोटोंत दिसते.